हायब्रिड गाडीचं ॲव्हरेज सारखं पडतंय? इंजिन का बंद होत नाही, ते आधी शोधा

तक्रार साधारण अशी असते. स्ट्राँग हायब्रिड (काही वेळ केवळ बॅटरीवरही धावणारी) गाडी, सुरुवातीला २२-२३ चं ॲव्हरेज, आता १६-१७. मध्येच एखादी टाकी बरी जाते, पुढच्या टाकीला पुन्हा घसरण. सर्व्हिस सेंटरला स्कॅन लावला तर बिघाडाचा एकही कोड निघत नाही आणि 'गाडी ओके आहे' म्हणून परत पाठवतात.

बहुतेक वेळा गाडी खरोखरच ओके असते. पण ॲव्हरेज पडण्यामागे कारण असतंच, आणि ते घरच्या घरी सापडू शकतं. हायब्रिड पेट्रोल वाचवते ती मुख्यतः इंजिन बंद ठेवून. त्यामुळे ॲव्हरेज घसरलं की पहिला प्रश्न हाच: जिथे इंजिन बंद व्हायला हवं तिथे ते चालू का राहतंय?

खालची माहिती मुख्यतः ग्रँड व्हिटारा, हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस आणि इन्व्हिक्टो यांच्यासाठी आहे. होंडा सिटी ई:एचईव्हीची यंत्रणा वेगळी आहे. तिथे बराच वेळ इंजिन फक्त जनरेटर फिरवतं आणि चाकं मोटर ओढते. तरीही यातलं बरंचसं तिलाही लागू पडतं, आणि जिथे फरक आहे तिथे तसं लिहिलं आहे.

आधी गाडी कुठली आहे ते पाहा

मागच्या दारावर 'हायब्रिड' लिहिलं म्हणजे ती स्ट्राँग हायब्रिड असेलच असं नाही. ब्रेझा, अर्टिगा किंवा ग्रँड व्हिटाराचं माइल्ड हायब्रिड मॉडेल केवळ बॅटरीवर धावू शकत नाही. सिग्नलला इंजिन बंद करणं आणि जोर लागतो तेव्हा थोडी मदत देणं, एवढंच तिथली छोटी मोटर करते. अशा गाडीकडून शहरात २३ ची अपेक्षा ठेवली तर निराशाच होणार. डॅशबोर्डवर 'ईव्ही' दिवा लागत असेल आणि गाडी इंजिनाशिवाय हलत असेल तरच पुढचं वाचा.

दुसरी गोष्ट कंपनीच्या आकड्याची. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरला २७.९७, हायक्रॉसला २३.२४. हे आकडे प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून येतात. आपल्याकडच्या चाचणीचं चक्र वीस मिनिटांच्या आत संपतं आणि त्यात वेग ९० च्या वर जातच नाही. एसी लावून रोजच्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या जोडीने १९ ते २४ द्यावं, हायक्रॉसने १४ ते १८. तुमचा आकडा या पट्ट्यात असेल तर शोधण्यासारखं फारसं काही नाही. त्याखाली असेल तर पुढे चला.

मोजमाप नीट आहे का?

निम्म्या तक्रारी इथेच सुटतात. स्क्रीनवरचा आकडा वाहवत जातो. तो बहुधा थोडा जास्तच दाखवतो, आणि मध्ये ट्रिप रीसेट झाली असेल तर त्याला काहीच अर्थ उरत नाही. टाकी-टू-टाकी मोजा. ऑटो कट झाला की थांबा, ट्रिप ए शून्य करा. पुढची भरणी शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलवर करा आणि तिथेही पहिल्या ऑटो कटलाच थांबा. ७४२ किलोमीटर झाले आणि ३८.४ लिटर बसलं, तर ॲव्हरेज १९.३.

ऑटो कट प्रत्येक वेळी नेमक्या त्याच पातळीला होत नाही, दीड लिटरचा फरक सहज पडतो. ३५ लिटरच्या भरणीत दीड लिटर म्हणजे चार टक्के, पण दहा लिटरच्या भरणीत तीच चूक पंधरा टक्क्यांची होते. हजार रुपयांचं पेट्रोल टाकून काढलेलं ॲव्हरेज म्हणूनच दर वेळी वेगळं येतं. निदान तीन टाक्यांची बेरीज करून भागाकार करा. पंपवाल्याला 'अजून थोडं टाक' सांगून नळीपर्यंत भरू नका. टाकीतली वाफ धरणाऱ्या कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये पेट्रोल गेलं तर तो खराब होतो.

घाटावरच्या लोकांसाठी आणखी एक. मुंबईहून पुण्याला येताना गाडी साडेपाचशे मीटर वर चढते. माणसं आणि सामान धरून दीड टनाच्या गाडीला तेवढं चढायला सुमारे पाऊण लिटर पेट्रोल जास्त लागतं. फक्त येतानाचा किंवा फक्त जातानाचा आकडा धरला तर तो खोटा ठरतो. जाऊन-येऊन मोजा.

टायर बदलल्यानंतर ॲव्हरेज पडलं असेल तर साइज तपासा. मूळ २१५/६० आर१७ च्या जागी २२५/६५ आर१७ बसवला तर चाकाचा व्यास सुमारे पाच टक्के वाढतो. गाडी खरे शंभर किलोमीटर चालते तेव्हा ओडोमीटर पंचाण्णव दाखवतो. म्हणजे तेवढी घट निव्वळ कागदावरची असते. टायर जड आणि रुंद झाल्याने होणारी खरी घट त्याच्याशिवाय.

सिग्नलची चाचणी

मोजमाप पक्कं झालं की ही चाचणी करा. हिच्यातून सगळ्यात जास्त कळतं.

गाडी किमान वीस मिनिटं चालवून गरम करा. एनर्जी मॉनिटर स्क्रीनवर आणा. सपाट जागी थांबा, गियर डी मध्ये, पाय ब्रेकवर, एसी पूर्ण बंद. बॅटरीच्या निम्म्याहून जास्त कांड्या भरलेल्या असतील तर इंजिन काही सेकंदांत बंद झालं पाहिजे आणि काही मिनिटं बंदच राहिलं पाहिजे. आता एसी २४ वर लावा आणि घड्याळ पाहा.

एसी बंद असतानाही इंजिन थांबत नसेल तर गाडीत काहीतरी तपासण्यासारखं आहे. एसी लावल्यावरच इंजिन वारंवार सुरू होत असेल तर कारण एसी आणि बॅटरीच्या हिशेबात आहे. दोन्ही वेळा इंजिन नीट बंद राहत असेल तर गाडी ठणठणीत आहे. मग छोट्या फेऱ्या, वेग आणि चालवण्याची पद्धत यांकडे वळा.

एसी लावल्यावर इंजिन सारखं उठतं

या गाड्यांचा एसी कॉम्प्रेसर पट्ट्यावर नाही, हायब्रिड बॅटरीवर चालतो. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरची बॅटरी आहे ०.७६ युनिटची. घरच्या वीजबिलात मोजतो तेच युनिट. बॅटरीचं आयुष्य टिकावं म्हणून कंट्रोलर ती पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. वापरायला मिळतं जेमतेम ०.३ युनिट. उन्हात तापलेल्या गाडीत एसी सुरुवातीला दोन किलोवॅटच्या आसपास ओढू शकतो, म्हणजे उभ्या गाडीत आठ-नऊ मिनिटांत खेळ संपला. मग चार्जिंगसाठी इंजिन सुरू होतं, बॅटरी थोडी भरतं, बंद होतं, आणि हेच चक्र चालू राहतं. एप्रिल-मे मध्ये ॲव्हरेज दोन-तीनने पडतं त्यामागचं मोठं कारण हे आहे.

उपाय सोपे आहेत, पण रोज करायला हवेत. गाडी तापलेली असेल तर निघताना चारही काचा उघड्या ठेवून पाव किलोमीटर चालवा आणि मग एसी लावा. तापमान १८ वर टाकून पंखा फुल करण्यापेक्षा ऑटोवर २४-२५ ठेवा, रीसर्क्युलेशन चालू ठेवा. इको मोड इथे खरोखर उपयोगी पडतो, कारण बऱ्याच मॉडेलमध्ये तो एसीचाही जोर कमी करतो. केबिन फिल्टर काळा पडला असेल तर बदला. हवा कमी आली की माणूस तापमान खाली ओढतो.

सिग्नलला गियर एन मध्ये टाकण्याची मॅन्युअल गाडीची सवय इथे नुकसान करते. टोयोटाच्या यंत्रणेत एन मध्ये हायब्रिड बॅटरी चार्जच होत नाही. एसी मात्र तिला पीत राहतो. डी मध्येच थांबा, फार वेळ थांबायचं असेल तर पी.

पावसाळ्यातलं कारण वेगळं आणि फसवं आहे. काचेवर धुकं धरलं की अनेकजण तापमान २८ किंवा त्याहून वर नेतात. केबिनला गरम हवा मिळते ती कूलंटमधून, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातून. गरम हवा मागितली की कूलंट गरम ठेवण्यासाठी इंजिनला चालूच राहावं लागतं आणि ईव्ही दिवा दिसेनासा होतो. जुलैमध्ये गारवा असूनही ॲव्हरेज मेसारखंच पडलेलं असेल तर आधी हे पाहा. काच साफ करायला गरम हवा लागत नाही, कोरडी हवा लागते. एसी चालू, तापमान २४, हवा पुढच्या काचेवर, रीसर्क्युलेशन बंद. काच स्वच्छ झाली की डीफॉगर बंद करा.

एसी बंद, तरी इंजिन थांबत नाही

इथे चार गोष्टी क्रमाने पाहायच्या.

सगळ्यात आधी बॅटरीच्या थंड हवेचा मार्ग. हायब्रिड बॅटरीला पंखा असतो आणि तो केबिनमधली हवा ओढतो. ती जाळी सीटच्या खाली किंवा बाजूला असते, नेमकी जागा ओनर्स मॅन्युअलमध्ये चित्रासह दिलेली आहे. तिच्यावर पिशवी, चादर, जाड मॅट, लहान मुलाची सीट असं काहीही आलं, किंवा धूळ, केस आणि कुत्र्याची लव साचली, की बॅटरी तापते. बॅटरी तापली की कंट्रोलर तिच्यातून वीज घेणं आणि तिच्यात भरणं, दोन्ही आवरतं घेतो. परिणाम असा की ब्रेक मारताना वीज कमी साठते आणि इंजिनवर भार वाढतो. ॲव्हरेज हळूहळू घसरतं, दिवा लागत नाही, कोडही येत नाही.

साफ करताना गाडी पूर्ण बंद करा, चावी लांब ठेवा. जाळीचं झाकण क्लिपांवर असतं, ते ओढून काढा. आतली बारीक गाळणी व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने झाडा. वाटल्यास साबणाच्या पाण्यात धुवा, पण पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. कंप्रेसरची हवा जाळीतून आत मारू नका, धूळ थेट बॅटरीवर जाऊन बसते. नारिंगी रंगाच्या केबलींना हात लावायचा नाही, त्यांतून जीवघेणा व्होल्टेज जातो. खडीच्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्या गाडीची गाळणी दर ५,००० किलोमीटरला, शहरातल्या गाडीची दर सर्व्हिसिंगला.

दुसरं, इंजिन गरमच होत नसणं. ओबीडी डोंगल (गाडीच्या स्कॅनच्या सॉकेटमध्ये बसणारं छोटं यंत्र) मोबाइलला जोडून कूलंटचं तापमान पाहा. थंड गाडीत इंजिन स्वतःला आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तापवण्यासाठी मुद्दाम चालू राहतं, आणि कूलंट सुमारे ७० अंशांच्या पुढे गेल्यावरच ते मनासारखं बंद होऊ लागतं. हायवेवर पंधरा मिनिटं चालवूनही आकडा सत्तरच्या खाली घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह आवरणारी झडप) उघडा अडकला असण्याची शक्यता मोठी आहे. हा आकडा लिहून सर्व्हिस सेंटरला द्या. नुसतं 'ॲव्हरेज कमी आहे' म्हटल्याने कुणी थर्मोस्टॅट उघडून बघत नाही.

तिसरं, बॅटरीचं वय. कांड्या काही मिनिटांत भराभर चढतात आणि तशाच उतरतात का ते पाहा, तेही सपाट रस्त्यावर. तसं होत असेल तर बॅटरीची साठवण कमी झाली असावी. टोयोटा आणि मारुती दोघांकडेही हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे, त्यामुळे लेखी तक्रार नोंदवून बॅटरीची हेल्थ चेक मागा आणि तिचा छापील रिपोर्ट घ्या.

चौथं, ऑइल. या इंजिनांना ०डब्ल्यू-१६ सारखं अगदी पातळ ऑइल लागतं (सिटीला ०डब्ल्यू-२०, मॅन्युअल पाहाच). बाहेरच्या गॅरेजमध्ये ५डब्ल्यू-३० घातलं तर इंजिन खराब होत नाही, पण थंड असताना ते जास्त घासतं, आणि हायब्रिडचं इंजिन दिवसातून कितीतरी वेळा थंड-गरम होतं. डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर तेही चुकीचं. एअर फिल्टरवर मात्र फार संशय घेऊ नका. मळलेल्या फिल्टरने पिकअप कमी होतो, आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात ॲव्हरेजला फारसा धक्का बसत नाही.

गाडी मोकळी पळते का?

हायब्रिडमध्ये ब्रेकचं बरंचसं काम मोटर करते, पॅड फार कमी झिजतात. ही चांगली गोष्ट आहे, पण तिची दुसरी बाजू अशी की कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना महिनोन्‌महिने नीट हलत नाहीत. कोकणात आणि गोव्यात, खाऱ्या दमट हवेत, त्या सुकतात, गंजतात आणि पॅड डिस्कला चिकटून राहतात. १०-१५ किलोमीटर हायवेवर, ब्रेक शक्य तितका कमी वापरून चालवा. थांबल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्कचं तापमान मोजा. एकाच ॲक्सलवरच्या डाव्या-उजव्या चाकात तीस अंशांच्या वर फरक आला तर जास्त गरम चाकाचा ब्रेक धरतोय. पिना काढून साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावायचं. किनाऱ्यावरच्या गाडीला हे दर वर्षी करून घ्या, पॅड नवे दिसत असले तरी.

हवेचं प्रेशर ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी, थंड टायरमध्ये. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की प्रेशर सुमारे एक पीएसआय उतरतं. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी चाळिशीत भरलेली हवा डिसेंबरच्या बारा अंशांच्या पहाटे, काहीही गळती नसताना, पाच पीएसआयने कमी असते. नायट्रोजनलाही हाच नियम लागू. टायर बदलताना शक्यतो मूळचाच प्रकार घ्या, कारण कंपनी हायब्रिडला कमी घर्षणाचे टायर देते.

छोट्या फेऱ्या

गाडी निरोगी असताना ॲव्हरेज सर्वांत जास्त कशाने पडत असेल तर दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांनी. सकाळी मुलांना शाळेत सोडलं, तासाने भाजी, संध्याकाळी स्टेशन. प्रत्येक वेळी इंजिन थंड, प्रत्येक वेळी तापायला पेट्रोल, आणि तापेपर्यंत प्रवास संपलेला. अशा वापरात १४-१५ आलं तर गाडीला दोष देऊ नका. शक्य असेल तिथे कामं एकत्र करा आणि लांबचं काम आधी घ्या. गरम झालेलं इंजिन मग पुढच्या छोट्या थांब्यांवर लगेच बंद होतं. 'ईव्ही' बटण दाबून थंड इंजिन टाळण्यात फायदा नाही. बॅटरीतली वीज शेवटी पेट्रोलमधूनच आलेली असते, आणि साठवताना-काढताना तिच्यातला काही भाग वाया जातो.

वेग, घाट आणि पाय

समृद्धी महामार्गावर १२० ची मुभा आहे, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ९० ला जितका असतो त्याच्या पावणेदोन पटींहून थोडा जास्त १२० ला. शिवाय त्या वेगाला इंजिन बंद व्हायची संधीच मिळत नाही, ब्रेक मारून वीज परत मिळवायचीही नाही. म्हणून जी गाडी शहरात २२ देते तीच समृद्धीवर १६ देते, आणि हे हायब्रिडमध्ये स्वाभाविक आहे. ९०-९५ ला धरलं तर बरंच सुधारतं. टपावरचा रिकामा कॅरियर हायवेपूर्वी काढून ठेवा.

घाट उतरताना लोकांना वाटतं की सगळा उतार बॅटरीत जमा होईल. लोणावळा ते खोपोली उतरताना दीड टनाची गाडी सुमारे सव्वादोन युनिट ऊर्जा सोडते. हवा आणि टायर त्यातलं बरंच खातात. तरीही ०.७६ युनिटच्या बॅटरीत मावण्याच्या पलीकडे उरतं, आणि घाटाच्या पहिल्या भागातच कांड्या भरतात. त्यानंतर गाडी इंजिन नुसतं फिरवून वेग आवरते. आवाज वाढतो, पण पेट्रोल जळत नसतं. टोयोटा-मारुतीच्या गाड्यांत बी गियर याच कामाला आहे, लांब उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून. 'जास्त चार्ज होतं' म्हणून रोज बी मध्ये चालवणाऱ्यांचं ॲव्हरेज कमी येतं, कारण साठवता आली असती ती ऊर्जा इंजिन फिरवण्यात जाते. सिटीमध्ये बी आणि पॅडल मोटरचीच ओढ वाढवतात, त्यामुळे हा इशारा तिच्यासाठी नाही.

ब्रेक लवकर आणि हलका धरा, मीटरची सुई 'चार्ज' पट्ट्यात राहील इतकाच. शेवटच्या क्षणी जोरात दाबला तर पॅड काम करतात आणि ऊर्जा उष्णता होऊन जाते. याउलट वेग घेताना फार भिऊ नका. ईव्ही दिवा टिकवायला मुंगीच्या पावलांनी चाळीसपर्यंत जाण्यापेक्षा, सुई इको पट्ट्याच्या वरच्या टोकाला ठेवून वेग पकडा आणि मग पाय सैल सोडा. इंजिन तेव्हा त्याच्या उत्तम भारावर चालतं आणि लवकर बंद होतं.

ई२० चा वाटा किती?

२०२३ च्या टाकीशी आजची टाकी ताडून पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. ई१० (दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल) कडून ई२० (वीस टक्के) कडे येताना लिटरमागे साडेतीन टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कमी झाली. २२ चं साधारण २१.२ होणं समजू शकतं. २२ चं १६ झालं असेल तर ते इंधनाच्या माथी मारून शोध थांबवू नका. जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल टाकूनही हा फरक भरून निघत नाही.

सर्व्हिस सेंटरला जायची वेळ आलीच तर सोबत हे न्या: तीन टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर, सिग्नलच्या चाचणीत इंजिन किती वेळ बंद राहिलं, गरम गाडीचं कूलंट तापमान, चार चाकांच्या डिस्कचं तापमान, टायरचं प्रेशर. जॉब कार्डवर 'लो मायलेज' एवढंच लिहू देऊ नका. 'गरम स्थितीत, एसी बंद, बॅटरी निम्म्यावर, तरी इंजिन थांबत नाही' असं लक्षण त्याच शब्दांत लिहून घ्या आणि कार्डची प्रत ठेवा.